वरचं खोकं

शेजारच्या माईंनी गेल्या पावसाळ्यात एक मिक्सर परत पाठवला. मिक्सर बिघडलेला नव्हता, तो त्यांनी उघडूनही पाहिला नव्हता. श्रावणातली दुपार होती, नुकतीच मोठी सर येऊन गेली होती, माडांच्या चुडतांवरून पाणी टपटपत होतं. डिलिव्हरीवाला मुलगा रेनकोटच्या आत छातीशी धरून आणलेलं खोकं सोप्यावर ठेवून ओटीपी विचारत होता. खोकं मिक्सरच्या कंपनीचंच होतं, रंगीत, वर तीन भांड्यांचं चित्र, आणि पत्त्याची चिठ्ठी थेट त्या चित्रावर चिकटवलेली. नेहमीचं तपकिरी खोकं वरून नव्हतं. माईंनी ते चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, एका कोपऱ्यावर बारीक पोचा होता त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हें कोणें तरी उक्तें केलां." म्हणजे कुणीतरी हे उघडलंय. मुलगा म्हणाला, "ना माई, आतां अशेंच येता. वयलो बॉक्स दिनात." माईंनी मान हलवली. "व्हर परत, पुता." मुलगा काही बोलला नाही. फोनवर काहीतरी टिपून घेतलं, खोकं पुन्हा रेनकोटमध्ये घेतलं आणि चिखलातून स्कूटर वळवून गेला.

हा प्रसंग माझ्या डोक्यातून जाईना, कारण माई. गोव्यात, डिचोलीत आमच्या वाड्यावर काटकसरीनं आणि निगुतीनं राहणारं एक घर दाखवायचं झालं तर मी त्यांचं दाखवीन. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या, नारळाची सोडणं आणि करवंट्या न्हाणीच्या चुलीसाठी रचून ठेवणाऱ्या, बाजारात मासे घ्यायला झाकणाचा डबा नेणाऱ्या माई. कुरियरची चिकटपट्टी त्या ब्लेडनं एका रेघेत कापतात, म्हणजे खोकं पुढे वापरता येतं. लोकांना पर्यावरणाची फिकीर नाही, म्हणून हा पुठ्ठ्या-प्लॅस्टिकचा ढीग वाढतोय, असं आपण बोलताना सहज म्हणून जातो. माईंना ते लागू पडत नाही. कमी वेष्टनातली वस्तू त्यांच्या दारात आली होती आणि त्यांनी ती नाकारली.

मग त्यांना नेमकं काय हवं होतं?

खोक्याचा मान आमच्या घरांत जुना आहे. माझ्या लहानपणी वाड्यावरच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी कुवेतला, बहारीनला, दुबईला होतं. ते सुट्टीवर येत तेव्हा टॅक्सीच्या टपावर नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेलं खोकं असे, त्यावर मार्करनं ठळक अक्षरांत नाव आणि गाव. ते उतरवायला चार माणसं धावत. दोरी सुरीनं कापायची नाही, गाठ सोडायची, असा दंडक होता. झाकण उघडलं की आधी वास यायचा, परदेशी साबणाचा, दूध पावडरीचा, नव्या कापडाचा, आणि त्या सगळ्याखाली पुठ्ठ्याचा कोरडा, थोडा लाकडासारखा वास. वस्तू वाटल्या जात, संपत. खोकं मात्र माळ्यावर जायचं, त्यात जुनी पुस्तकं, गणेश चवथीचं सामान, हिवाळ्यातल्या गोधड्या. ते कुणी टाकून दिलेलं मला आठवत नाही. त्या खोक्यातून कळायचं की आपल्या माणसानं दूर बसून आपला विचार केला, वस्तू मोडू नये म्हणून मध्ये टॉवेल खोचले. आजही दारात पार्सल आलं की मला थोडं तसंच होतं. आत फक्त फरशी पुसायचा कपडा आहे हे माहीत असूनही.

आणि त्याच वेळी, त्याच गावात, बहुतेक वस्तू वेष्टनावाचूनच येत होत्या. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत यायचा आणि पाव फाटकाला लावलेल्या कापडी पिशवीत पडायचे. मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीच्या पांटलीतले, म्हणजे टोपलीतले, बांगडे थेट आमच्या भांड्यात यायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अबोलीची फांती केळीच्या पानात गुंडाळून मिळे, वर केळीच्याच सोपाची गाठ, आणि घरी येईपर्यंत फुलं टवटवीत. मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान घरात येई, मिरच्या, मीठ, कोकमाची सोलं, सुकी मासळी, आणि सगळं बुयांवांत म्हणजे मोठ्या बरण्यांत, डब्यांत, मडक्यांत जाई. बाजारातून घरी आणलेलं पोतं पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात. पणजीला शिकणाऱ्या भावासाठी आई बसच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. ना चिठ्ठी, ना सील. "पणजी स्टँडावर झिलगो येतलो" एवढं सांगितलं की झालं. तो डबा कधी हरवला नाही आणि कुणी उघडूनही पाहिला नाही.

या आठवणी मला प्रिय आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून आजचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. त्या काळातही गरम भजी वर्तमानपत्रात येत आणि शाई भज्यांना लागे. खाद्यपदार्थ छापील कागदात बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला 2023 मध्येही पुन्हा सांगावं लागलं. शिवाय त्या व्यवहाराचा पाया ओळखीचा होता. पोदेराला आमचं फाटक माहीत होतं, कंडक्टरला आईचं नाव. बांगडा मऊ निघाला तर दुसऱ्या दिवशी नुस्तेकान्नीला तोंडावर सांगता यायचं आणि ती वर चार जास्त घालायची. मिक्सर जिथून निघाला ती जागा मात्र माईंनी कधी पाहिलेली नाही, पाहणारही नाहीत. भिवंडीच्या बाजूचं कुठलंतरी गोदाम, मग ट्रक, मग आणखी एक गोदाम, मग रेनकोटमधला मुलगा. एवढ्या अनोळखी हातांतून आलेल्या वस्तूबद्दल खात्री देणारं त्यांच्यापाशी एकच काही होतं, ते म्हणजे वरचं न फाटलेलं खोकं.

या देशात ऑनलाइन खरेदी रुजली तीसुद्धा अविश्वासाची सोय करूनच. फ्लिपकार्टनं 2010 मध्ये वस्तू हातात पडल्यावर पैसे द्यायची मुभा दिली आणि मग आमच्यासारख्या गावांतले लोक धीर करू लागले. तरी धास्ती गेली नाही. मोबाइलच्या जागी साबणाची वडी निघाली, अशा बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. आता अनेक विक्रेते सांगतात की तक्रार करायची असेल तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ हवा, चिकटपट्टी कापण्याआधीपासूनचा. माझी भाची दर पार्सलाला हे करते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कात्री, आणि बाजूला तिची आई "हळू काप" म्हणत उभी. त्या व्हिडिओत खोकं साक्षीदार असतं. साक्षीदारच काढून टाकला तर भांडण कशाच्या जोरावर करायचं, असं गिऱ्हाइकाला वाटलं तर त्यात नवल नाही.

आणि खोकं नाकारता न येण्याची आणखी काही कारणं आहेत, ती मला आमच्या स्टाफरूममध्ये कळली. मी मिक्सरची गोष्ट सांगितली आणि जेवणाची सुट्टी त्यातच संपली. एकीनं सरळ सांगितलं की अंतर्वस्त्रं आणि पॅड कंपनीच्या मूळ पाकिटात, वर नाव-पत्ता लावून आले तर घरी सासरे सही करून घेणार, ते मला नको. दुसरी म्हणाली, वडिलांची औषधं येतात, कुठला आजार आहे ते वाड्यावर कशाला कळायला हवं. एकाची बहीण बंगळूरला, ती राखी आणि भेट पाठवते. भेटीवर किंमत छापलेलं खोकं तसंच आलं तर भेट कसली. या गोष्टी मी आधी विचारात घेतल्याच नव्हत्या. वेष्टन कमी करा म्हणताना आपण नेहमी तुटण्या-फुटण्याचाच विचार करतो. आपल्याकडे एकत्र राहणाऱ्या घरात, एकमेकांच्या अंगणात डोकावणाऱ्या वाड्यावर, ते तपकिरी खोकं बाईला थोडा एकांतही देतं. हे समजून न घेता तिला कचऱ्याबद्दल उपदेश केलेला मला आवडणार नाही.

पण मग बाकीच्याचं काय? एका लिपस्टिकसाठी बुटाएवढं खोकं, त्यात हवेच्या उशा, वरून चकचकीत करडी पिशवी. यात ना सुरक्षा आहे ना एकांत. गोदामात खोक्यांची मापं ठरलेली असतात, ठरावीक आकारांतलं जे हाताशी येईल त्यात वस्तू जाते आणि उरलेली जागा भरावी लागते. खरं तर मोठं खोकं पाठवणाऱ्यालाही परवडत नाही. कुरियरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण 5000 नं भागायचं आणि येईल तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे. म्हणजे आपण हवेचंही भाडं भरतो. आमच्या इथे यात पावसाची भर पडते. जूनपासून चार महिने कोरडं असं काही राहत नाही, म्हणून प्रत्येक पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढते. ती काढून टाकावी म्हटलं तर आषाढातल्या सरीत पुस्तकाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. गोव्यात राहून सरसकट "प्लॅस्टिक नको" म्हणता येत नाही. ज्या वस्तूला भिजून काही होत नाही तिला तरी पिशवी कशाला, एवढं मात्र विचारता येतं. प्लॅस्टिकची बादलीही पिशवी घालून येते.

कायद्यानंही इथे एक फट ठेवली आहे. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. त्यात मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म आहे, लग्नपत्रिकेवरची आहे, सजावटीचा थर्माकोल आहे. चवथीला थर्माकोलची मखरं दिसेनाशी झाली आणि पोरं पुन्हा पुठ्ठा, बांबू, कागद घेऊन बसू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्या यादीत नाही, कुरियरची पिशवी नाही, फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिकही नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2022 मध्ये वेगळे नियम आले: जो उत्पादक किंवा ब्रँड वेष्टन बाजारात आणतो त्यानं तेवढं गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी घ्यायची. मोठ्या कंपन्यांनी काही केलं नाही असंही नाही. अॅमेझॉननं 2020 मध्ये आणि फ्लिपकार्टनं 2021 मध्ये आपापल्या गोदामांतून एकदाच वापरायचं प्लॅस्टिक काढल्याचं जाहीर केलं, फुग्यांच्या जागी चुरगळलेला कागद आला. मात्र हे त्यांच्या गोदामांपुरतं. त्याच ॲपवरचा जो विक्रेता स्वतःच्या दुकानातून माल पाठवतो, तो त्याला सुचेल तसं बांधतो, आणि दारात आलेल्या पार्सलावरून हा फरक आपल्याला कळतही नाही.

आमच्या घरातून हे सगळं बाहेर पडतं तेव्हा ते कुठं जातं, हे मी अलीकडेच नीट विचारलं. पंचायतीची गाडी सुका कचरा नेते. गाडीवरच्या बाईनं मला सांगितलं की कोरडा पुठ्ठा मिळाला तर भंगारवाला हसत घेतो, भिजलेला कुणी घेत नाही. पावसाळ्यात कुंपणाबाहेर ठेवलेलं खोकं गाडी येईपर्यंत लगदा झालेलं असतं, आणि चांगल्या कागदाचा निव्वळ कचरा होतो. ज्या पाकिटांत बाहेरून कागद आणि आतून फुगे चिकटवलेले असतात, त्यांचं तर काहीच करता येत नाही, दोन थर हातानं सुटत नाहीत. जे भंगारात जात नाही त्या प्लॅस्टिकचे गठ्ठे बांधून ते ट्रकनं कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जातात आणि तिथल्या भट्टीत जळण म्हणून वापरले जातात. गोवा बाकी बाबतीत पुढे आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प 2016 पासून चालतोय, पणजी महापालिकेनं कचऱ्याचं सोळा प्रकारे वर्गीकरण करून दाखवलं. पण बेळगावच्या बाजूनं चोर्ला घाट उतरून आलेलं प्लॅस्टिक, घरात पाच मिनिटं राहून, जळण्यासाठी पुन्हा घाट चढतं, हे कळल्यावर मला ते अगदी चुकीचं वाटलं. वर्गीकरण कितीही चांगलं केलं तरी ही पाच मिनिटं त्यानं टळत नाहीत.

पुठ्ठ्याबद्दल आम्ही निर्धास्त असतो, कागदच तर आहे म्हणून. त्याचाही पुनर्वापर अमर्याद नाही. दर वेळी लगदा करताना तंतू आखूड होतात, आणि काही फेऱ्यांनंतर त्यांच्यात खोकं बनण्याइतकी ताकद राहत नाही, मग नवा तंतू मिसळावा लागतो. माझ्या आईचा अनुभव आणखी वेगळा. खोक्याचे थर स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले असतात आणि दमट घरात त्या खळीवर कसर आणि झुरळं येतात. ती आता खोकी माळ्यावर चढवू देत नाही. कुवेतहून आलेलं खोकं वर्षानुवर्षं जपणारी हीच बाई.

स्टाफरूममध्ये शेवटी मी विचारलं होतं की पैसे भरायच्या पानावर एक प्रश्न आला, "वरचं खोकं हवं का?", तर काय कराल? बहुतेकांनी सांगितलं, वस्तू पाहून ठरवू. पुस्तकाला, कुकरला, झाडूला नको. औषधाला हवं. म्हणजे माणसं विचार करायला तयार आहेत, त्यांना विचारलंच जात नाही. माईंनाही आधी कुणी विचारलं नव्हतं. कंपनीनं आपल्यापुरतं ठरवलं, खोकं काढून टाकलं, आणि त्याच्याबरोबर माईंची खात्रीही काढून घेतली. त्या जागी दुसरं काही दिलं नाही. खोक्यावर "या वस्तूला मुद्दाम वरचं वेष्टन घातलेलं नाही, सील इथे तपासा" एवढी मराठी-कोंकणीत ठळक ओळ असती, मुलाला दारातच खोकं उघडून दाखवायची मुभा असती, तर मला वाटतं माईंनी मिक्सर ठेवून घेतला असता. परत पाठवलेल्या वस्तूचा प्रवास दुप्पट होतो, आणि ती पुन्हा विकायला कुणीतरी तिच्यावर नवं वेष्टन चढवतोच. वाचवलेलं एक खोकं असं दोनदा भरून निघतं. म्हणून हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे असा माझा आग्रह आहे. आणि आपल्या बाजूनं थोडा पोचा, थोडी वाट पाहणं, चार दिवसांच्या चार ऑर्डरी एकत्र करून मागवणं, हेही जमवायला हवं. उद्याच हवं, कोरं करकरीत हवं आणि वेष्टनही नको, या तिन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होणं मला अशक्य दिसतं.

साखळी गावची माझी एक मैत्रीण भिंडांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ, सोलं आणि घरची हळद ऑनलाइन विकते. या सगळ्याची दुसरी बाजू मला तिच्या ओसरीवर दिसली. एप्रिल-मेमध्ये तिथे नुसता आंबट लालभडक वास असतो, तिची बोटं जांभळी झालेली असतात, आणि कोपऱ्यात गावभरातून गोळा केलेल्या जुन्या खोक्यांची चळत. ती खोकी उलटी करून वापरते, छापलेली बाजू आत. काचेच्या बाटल्यांमध्ये भाताचं गवत आणि जुनी वर्तमानपत्रं दाबते. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं तिला फोटो पाठवला, बाटली शाबूत होती, तक्रार खोक्याची होती: पैसे नव्या वस्तूचे घेता आणि दुसऱ्याच्या जुन्या खोक्यात पाठवता? ती दोन दिवस खिन्न होती. मग तिनं ऑर्डर घेताना एक ओळ लिहायला सुरुवात केली: "जुन्या खोक्यात, गवतात बांधून पाठवू का? नवं खोकं हवं असल्यास सांगा." नव्या खोक्याचे वेगळे पैसे ती घेत नाही. बहुतेक जण जुनं चालेल म्हणतात. काही जण तर गवताचं काय केलं तेही कळवतात, कुणी कुंडीत घातलं, कुणी आंबे पिकवायला ठेवलं. जो नवं मागतो त्याला ती नवं देते, वाद घालत नाही. फुटलेली बाटली ती बिनशर्त बदलून देते, व्हिडिओ मागत नाही, आणि त्याचा गैरफायदा क्वचितच कुणी घेतो, असं ती सांगते.

सध्या तिच्यापुढे प्रश्न आहे तो बाटलीचा. गोवा सरकारनं 2024 मध्ये ठेव-परतीची योजना अधिसूचित केली: पॅकबंद वस्तू घेताना थोडी रक्कम ठेव म्हणून द्यायची, रिकामं वेष्टन परत केलं की ती परत मिळते. ते वाचून तिनं आपल्यापुरता तसाच प्रयोग सुरू केला आहे. पणजी, म्हापसा, फोंड्याची गिऱ्हाइकं रिकाम्या बाटल्या ओळखीच्या कुणाच्या तरी गाडीतून, बसमधून साखळीला पाठवतात आणि पुढच्या ऑर्डरीत पैसे वळते होतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचं मात्र अडलं आहे. त्यांनाही बाटली परत द्यायची आहे, तसे निरोप येतात, पण एका रिकाम्या बाटलीचं कुरियर बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. डझनभर साठल्या की कुणी गोव्याला येणारा घेऊन येईल, असं सध्या ठरलंय.